ठिपक्याला ठिपकाच राहू द्या

अंगणात किंवा गच्चीवर ठेवलेल्या लहान दुर्बिणीतून दूरच्या दीर्घिकासमूहांचे काढलेले फोटो आता आपल्याकडेही दिसायला लागले आहेत. फोटोत काळं आकाश, त्यात चमकणारे तारे, मध्ये पिवळसर ठिपक्यांचा पुंजका. खाली मथळा ठरलेला: ‘माझ्या गच्चीतून चारशे कोटी प्रकाशवर्षांपलीकडचं विश्व!’ त्याखाली शंभरेक ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘हॅट्स ऑफ’.

माझा अभ्यासाचा विषय दीर्घिकासमूह आहे, त्यामुळे पेण-रोह्याकडचे ओळखीचे लोक असे फोटो मला पाठवतात आणि विचारतात, ‘खरं आहे का हे?’ दर वेळी ‘हो, पण...’ असं उत्तर देऊन कंटाळा आला. म्हणून आज तो ‘पण’ सविस्तर लिहितो. चित्राचं, नाटकाचं, पुस्तकाचं परीक्षण आपण करतो, मग या फोटोंचं का करू नये? चांगला फोटो कोणता, वाईट कोणता, आणि कशावरून, हे ठरवायला काही कसोट्या हव्यात. ‘सुंदर दिसतो’ ही त्यातली सगळ्यात कमकुवत कसोटी आहे असं माझं मत आहे. का, ते बघू.

आधी कौतुक, आणि ते आकड्यांत

लहान दुर्बिणीतून हे खरंच जमतं का? जमतं. 6 इंची आरशाची न्यूटोनियन दुर्बीण घ्या. अठराव्या प्रतीची एखादी दीर्घिका, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्यापेक्षाही साठ हजार पट मंद. हिरव्या फिल्टरमधून पाहिलं, तर तिच्याकडून येऊन कॅमेऱ्यात नोंदले जाणारे फोटॉन सेकंदाला जेमतेम चार-पाच असतात. हाताच्या एका पंजाची बोटं पुरतात. पण कॅमेरा थकत नाही. तीन तास उघडा ठेवलात (म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांची बेरीज केलीत), तर चाळीस-पन्नास हजार फोटॉन जमा होतात.

आता दुसरी बाजू. आकाश काळं नसतं. गावाकडच्या दिव्यांनी उजळलेल्या मध्यम आकाशाची चमक प्रत्येक चौरस विकलेमागे साडेएकोणिसाव्या प्रतीइतकी धरू. (पंचांगातली विकलाच ही. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.) आपली दीर्घिका पाच बाय पाच विकलांच्या जागेत पसरलेली असेल, तर तेवढ्या जागेत आकाशाचा उजेड दीर्घिकेच्या सहा पट असतो. म्हणजे तीन तासांत आकाशाचे तीन लाख फोटॉन आणि दीर्घिकेचे पन्नास हजार. तरीही दीर्घिका सापडते, कारण आपल्याला अडवतो तो आकाशाचा उजेड नाही, तर त्या उजेडाची चढउतार. ती असते एकूण फोटॉनच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे इथे सहाशेच्या आसपास. सहाशेच्या खळखळाटात पन्नास हजारांची उंची स्पष्ट दिसणारच. विसाव्या प्रतीच्या दीर्घिकेचे जेमतेम सात-आठ हजार फोटॉन जमतील, पण कागदावर तीही सापडते.

काळोख्या आकाशात, समजा एकविसाव्या प्रतीच्या, हेच काम सुमारे एक तृतीयांश वेळात होतं. म्हणजे वाईट आकाशाची भरपाई वेळ देऊन करता येते, पण फुकट नाही. एका रात्रीच्या जागी तीन रात्री. कोकणातल्या दमट हवेत, आरशावर आणि भिंगांवर पहाटे दव धरतं तिथे, तीन रात्री सलग मिळणं ही काय चीज आहे ते करून पाहणाऱ्यालाच ठाऊक.

तेव्हा ज्याने कोणी हे केलं त्याला माझा नमस्कार. तक्रार आहे ती फोटोच्या खाली काय लिहिलं जातं आणि फोटोवर नंतर काय केलं जातं त्याबद्दल.

सरस्वती नावाचा फोटो काढता येतो का?

जुलै 2017 मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी, इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांसह, ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला. जयदीप बागची हे शोधनिबंधाचे पहिले लेखक. लेखकांत शिशिर सांख्यायन हे तेव्हा आयसरमध्ये पीएचडी करत होते, हे आमच्यासारख्यांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. किमान 43 समूह आणि गट, विस्तार सुमारे 200 मेगापार्सेक म्हणजे 60 कोटी प्रकाशवर्षांहून जास्त, वस्तुमान सूर्याच्या सुमारे दोनावर सोळा शून्यं इतक्या पट. बातम्यांत अंतर आलं चारशे कोटी प्रकाशवर्षं. मराठी वर्तमानपत्रांत ती बातमी पहिल्या पानावर झळकायला नावाचीही मदत झाली असणार.

हा महासमूह मीन राशीत आहे. आपल्याकडून शोधायचा तर भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन धरा. त्याच्या खालच्या बाजूच्या मधोमधून साधारण पंधरा अंश दक्षिणेला या. तिथे अबेल 2631 नावाचा समूह आहे, सरस्वतीचा गाभा. पेणहून तो दक्षिण दिशेला सत्तर अंशांहून जास्त उंच जातो. ऑक्टोबरच्या मध्याला रात्री साडेदहा-पावणेअकराला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेनऊच्या सुमाराला. गंमत म्हणजे खुद्द भाद्रपदात, हमरापूर-जोह्याचे गणपती कारखान्यांतून घरोघरी जातात तेव्हा, तो मध्यरात्री सगळ्यात वर असतो, पण आपल्यावर ढगांचं छप्पर असतं. दसरा झाला की मग आकाश मोकळं. दिवाळीची अमावास्या खरं तर सोयीची, पण धूर असतो.

तर, अबेल 2631 मधल्या सगळ्यात ठळक दीर्घिका अठराव्या प्रतीच्या जवळपास आहेत. वरचा हिशोब मी मुद्दामच अठराव्या प्रतीसाठी केला होता. म्हणजे 6 इंची दुर्बिणीतून सरस्वतीचा गाभा पेणच्या अंगणातून टिपता येतो. हे वाक्य लिहितानाही मला बरं वाटतं.

पण ‘हा सरस्वती महासमूहाचा फोटो’ असा मथळा दिलात, की ते चुकलं. सरस्वती एका चौकटीत मावत नाही. ती आकाशात कित्येक अंश आडवी पसरली आहे आणि आपल्या दृष्टीच्या दिशेनंही खोलवर गेली आहे. 750 मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर साधा एपीएस-सी आकाराचा सेन्सर लावला, तर चौकट येते पावणेदोन बाय सव्वा अंशाची. त्यात गाभा येईल. नेम नीट धरलात तर सुमारे दीड अंशावरचा, याच महासमूहातला दुसरा मोठा समूहही कडेला येईल. दोन खांब आले म्हणजे मंडप आला असं होत नाही. ‘सरस्वतीतले दोन समूह’ असं लिहिलं तर कोणाचं काय बिघडतं? उलट वाचणाऱ्याला कळतं की बाकीचे 41 कुठेतरी आहेत, आणि तो विचारेल कुठे.

अंतर फोटोत दिसत नाही

आता माझा मुख्य आक्षेप. ‘चारशे कोटी प्रकाशवर्षं’ हा आकडा त्या फोटोत कुठे आहे?

कुठेच नाही. फोटोत तारे आहेत, ते आपल्याच आकाशगंगेतले, शेकडो किंवा काही हजार प्रकाशवर्षांवरचे. वाटेतल्या कुठल्यातरी दीर्घिका आहेत, समूहातल्या आहेत, समूहाच्या पलीकडच्याही आहेत. सगळ्या एकाच कागदावर चिकटवलेल्या. एखादा मंद ठिपका जवळची लहान दीर्घिका आहे की दूरची मोठी, हे फोटो सांगू शकत नाही. अंतर कळतं वर्णपटावरून: प्रकाश किती लांबट होऊन तांबड्याकडे सरकला, म्हणजे ताम्रसृती किती, ते मोजून. सरस्वतीचा शोध हा मुळात हजारो दीर्घिकांच्या अशा मोजलेल्या अंतरांचा शोध आहे. ती मोजणी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या अडीच मीटरच्या स्लोन सर्वेक्षण दुर्बिणीनं केली होती. पुण्याच्या मंडळींनी त्या आकड्यांतून भिंत हुडकून काढली.

अंतराशिवाय नुसता फोटो किती पुढे नेऊ शकतो, याचं उत्तम उदाहरण त्या नावातच आहे. जॉर्ज अबेल यांनी पीएचडीसाठी पालोमारच्या 48 इंची श्मिट दुर्बिणीच्या काचपट्ट्या डोळ्यांनी तपासल्या आणि 1958 मध्ये 2712 समूहांची यादी छापली. 2631 हा त्या यादीतला क्रमांक. म्हणजे सरस्वतीचा गाभा ‘समूह’ म्हणून साठेक वर्षं यादीत होताच. फोटोनं तो दाखवला होता. पण तो एका अवाढव्य रचनेचा भाग आहे हे कळायला वर्णपट लागले. अबेल यांनी नियम काटेकोर ठेवले: तिसऱ्या क्रमांकाच्या ठळक दीर्घिकेपासून पुढच्या दोन प्रतींच्या आत किमान 50 दीर्घिका हव्यात, तरच समूह मोठा. फोटोतून जेवढं मिळतं तेवढंच त्यांनी घेतलं, आणि म्हणून ती यादी आजही वापरात आहे.

म्हणून माझी पहिली कसोटी: मथळ्यातला प्रत्येक आकडा फोटोतून आलाय का? नसेल, तर कोणाकडून घेतला ते लिहा. ‘अंतर स्लोन सर्वेक्षणाच्या ताम्रसृतीवरून’ एवढे चार शब्द. उसनं घेणं वाईट नाही, आमचा सगळा धंदाच उसनवारीवर चालतो. पण उसनं आणलेलं ताट आपल्या घरचं म्हणून मिरवू नये.

जाता जाता, आकड्याबद्दलही थोडं. एवढ्या दूरच्या वस्तूंना एकच ‘अंतर’ नसतं. अबेल 2631 चा प्रकाश निघून सुमारे 330 कोटी वर्षं झाली. दरम्यान विश्व फुगलं, त्यामुळे तो समूह आज सुमारे 370 कोटी प्रकाशवर्षांवर आहे. बातम्यांतले चारशे कोटी हा गोळाबेरीज आकडा. ‘प्रकाश निघाला तेव्हा विश्व साधारण एक हजार कोटी वर्षांचं होतं’ हे वाक्य मला जास्त आवडतं, कारण त्यात गोंधळ कमी आहे.

डोळ्यांची आखणी

पेणचे वाचक हा भाग जास्त चटकन समजतील. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून निघालेली मूर्ती, मग घासकाम, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी हे सगळ्यात कसबी हाताचं काम. एकाच साच्याच्या दहा मूर्ती असतात, पण आखणीनं प्रत्येकीच्या चेहऱ्यावर वेगळा भाव येतो. मूर्तीच्या बाबतीत हे योग्यच आहे, मूर्तिकाराला तिथे जीव ओतायचाच असतो.

दीर्घिकेच्या फोटोवर आखणी करायची नसते.

सध्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी, फोटो ‘धारदार’ करणारी सॉफ्टवेअरं सर्रास वापरली जातात. अशा प्रोग्रामला हजारो चांगले फोटो दाखवलेले असतात, अस्पष्ट डाग बघून तो ठरवतो की इथे ‘काय असायला हवं’. ताऱ्यांभोवतीचा धुरकटपणा कमी करायला त्याची मदत होते, हे मान्य. पण मी असे फोटो पाहिलेत की त्यात सरस्वतीच्या अंतरावरच्या दीर्घिकांना छान वळणदार सर्पिल भुजा आहेत. बघणारे खूश!

जरा हिशोब करू, तुम्हीही करा. त्या अंतरावर एक विकला म्हणजे साधारण 13 ते 14 हजार प्रकाशवर्षं. आपल्या आकाशगंगेएवढी, लाखभर प्रकाशवर्षं रुंद दीर्घिका तिथे ठेवली तर ती सात विकलांची दिसेल. आपल्याकडे हवेच्या थरथरण्यानं कुठलाही बिंदू दोन-तीन विकलांचा डाग होतो. म्हणजे अख्ख्या दीर्घिकेच्या रुंदीत जेमतेम तीन स्वतंत्र डाग बसतात. तीन डागांत सर्पिल भुजा कशा मावतील? मावत नाहीत. त्या कुणीतरी आखल्या.

मोबाइलमधल्या चंद्राच्या फोटोंवरून 2023 मध्ये झालेला वाद आठवत असेल. एकानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो पडद्यावर लावून त्याचा मोबाइलनं फोटो काढला, तर धूसर फोटोत नसलेले तपशील मोबाइलनं घालून दिले. चंद्राचं निदान खरं रूप आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ‘भर’ पकडता आली. अबेल 2631 मधल्या एकोणिसाव्या प्रतीच्या दीर्घिकेचा खरा चेहरा किती जणांना माहीत असतो? इथे चोरी पकडली जाणारच नाही, म्हणून इथे जास्त जपायला हवं.

दुसरी कसोटी त्यामुळे ही: फोटोतला सगळ्यात बारीक तपशील हवेच्या धूसरपणापेक्षा बारीक आहे का? असेल तर तो आकाशातून आलेला नाही. दूरचा समूह ठिपक्यांचाच दिसायला हवा. ठिपका ही त्या फोटोतली उणीव नाही. तो ठिपका म्हणजे कित्येक हजार कोटी ताऱ्यांचा एकत्र उजेड आहे, आणि आपल्या आरशाची व हवेची ताकद तेवढीच आहे, ही दोन्ही सत्यं तो एकदम सांगतो.

मग फोटो स्वतःहून काय सांगू शकतो?

बरंच काही, आणि हेच फार कमी जण दाखवतात.

समूहांच्या गाभ्यात प्रामुख्यानं लंबवर्तुळाकार, जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिका असतात. त्यांच्या प्रकाशात 400 नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या रंगाजवळ, एक पायरी असते: तिच्या निळ्या बाजूला उजेड एकदम उतरतो. जवळच्या समूहात ती पायरी जांभळ्यातच राहते. अबेल 2631 मध्ये ताम्रसृतीमुळे ती सरकून 510 नॅनोमीटरवर, म्हणजे थेट हिरव्यात येते. परिणाम असा, की त्या दीर्घिका हिरव्या फिल्टरमध्ये तांबड्याच्या मानानं खूपच फिक्या पडतात. तुम्ही हिरव्या आणि तांबड्या फिल्टरमधून दोन वेगळे फोटो घेतलेत, आणि तसेच दोन फोटो जवळच्या कोमा समूहाचे घेतलेत, तर ठिपक्यांच्या चमकीच्या तुलनेतून तुम्हाला विश्वाचं प्रसरण स्वतःच्या कॅमेऱ्यात दिसेल. वर्णपटाइतकं अचूक नाही, पण उसनंही नाही! शिवाय एका समूहातल्या अशा दीर्घिकांचा रंग जवळपास सारखा असतो, त्यामुळे वाटेतल्या भलत्या दीर्घिका बाजूला काढायलाही मदत होते.

हा फोटो बघायला ‘निःशब्द’ करणारा नसेल. दोन राखाडी चौकटी आणि एक आलेख. पण माझ्या लेखी तो वरच्या रंगीत फोटोपेक्षा कितीतरी सरस.

सुरुवात मात्र सरस्वतीपासून करू नका. पायरीपायरीनं जा. कोमा समूह घ्या, सुमारे 32 कोटी प्रकाशवर्षांवरचा. एप्रिलच्या सुरुवातीला मध्यरात्रीनंतर तो पेणच्या आकाशात ऐंशी अंशांवर असतो. याच समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहून फ्रिट्झ झ्विकी यांनी 1933 मध्ये न दिसणाऱ्या वस्तुमानाची गोष्ट काढली होती. मग मे महिन्यात शौरी तारकासमूहातला, म्हणजे हर्क्युलिसमधला, अबेल 2151, सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षांवरचा. रोह्याचं अक्षांश साडेअठराच्या आसपास आणि या समूहाची क्रांती पावणेअठरा अंश. म्हणजे मेच्या उत्तरार्धात रात्री साडेबाराला तो रोह्याच्या बरोबर डोक्यावरून जातो, हवेचा थर सगळ्यात पातळ असतो तिथून. (अल्ट-अझिमथ बैठक असेल तर नेमका डोक्यावरचा भाग पाठलागाला अवघड जातो, तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी किंवा नंतर घ्या.) त्यानंतर उत्तर मुकुटातला अबेल 2065, सुमारे शंभर कोटींवरचा. आणि पावसाळा संपल्यावर सरस्वतीचा गाभा. एकाच दुर्बिणीनं, एकाच कॅमेऱ्यानं, सारख्याच वेळेचे हे चार फोटो शेजारी लावा. ठिपके लहान, मंद आणि तांबूस होत जातात. अंतराचा अर्थ या क्रमातून कळतो, तो कुठल्याच एका फोटोतून कळत नाही.

आणि एक फोटो उलटाही छापा: पांढऱ्यावर काळे ठिपके. अबेल यांनी पाहिलेल्या काचपट्ट्या अशाच होत्या. मंद ठिपके डोळ्याला तसे जास्त सापडतात.

‘अहो, हौस आहे, एवढं काय!’

हे मला ऐकवलं जाणार, माहीत आहे. दिवसभर नोकरी करून रात्री कोणी दुर्बीण लावत असेल, तर त्याला कसोट्या कसल्या लावता? फोटो सुंदर केला तर बिघडलं काय?

यातला अर्धा भाग मला पटतो. सुंदर करावा, रंग उजळावे, भिंतीवर लावावा. हौशी आकाशनिरीक्षणाची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून आहे, खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रींनी कित्येकांना आकाशाचं वेड लावलं. ते सगळं आनंदासाठीच होतं आणि असावं.

न पटणारा भाग असा. शाळेतल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला घरचे मोठ्या कष्टानं दुर्बीण घेऊन देतात. ती मुलगी आखणी केलेले फोटो पाहून दुर्बिणीला डोळा लावते, आणि तिला दिसतो राखाडी डाग. कोमा समूहात तर डागही महत्प्रयासानं. तिला वाटतं, दुर्बीण खराब आहे, किंवा मलाच जमत नाही. दुर्बीण माळ्यावर जाते. हे मी तालुक्यातल्या एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. तिच्या डागात काही खोट नव्हती, खोट होती तिला आधी दाखवलेल्या फोटोत. तिला कोणी ठिपक्यांचा खरा फोटो दाखवला असता आणि सांगितलं असतं, की या ठिपक्याचे फोटॉन सेकंदाला चार-पाचच येतात, मोज, तर ती कदाचित मोजत बसली असती.

टाकून दिलेलं आकाश

शेवटचा मुद्दा फोटोत नसलेल्या गोष्टीचा. असा फोटो तयार करताना पहिलं काम काय करतात? आकाशाची पार्श्वभूमी वजा करतात. वर हिशोब केला त्याप्रमाणे, दीर्घिकेच्या सहा पट असलेला तो उजेड. पेणच्या उत्तरेला नवी मुंबई-मुंबईची झळाळी, महामार्गाचे दिवे, औद्योगिक वसाहतींचे दिवे, हे सगळं एका बटणासरशी काळं होतं. फोटोत पेणचं आकाश एखाद्या वाळवंटासारखं स्वच्छ दिसतं. लोक म्हणतात, बघा, आपल्याकडे अजून किती काळोख आहे!

रायगड जिल्ह्याला याबाबतीत एक जुना धडा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून ते काम अलिबागला हलवायचं ठरलं, 1904 मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली, आणि काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या गेल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. नानाभाई मूस तेव्हा संचालक होते. त्याच कुलाब्यात सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौर वादळाची नोंद झाली होती. ती नोंद 2003 मध्ये, म्हणजे 144 वर्षांनी, संशोधकांनी बाहेर काढली आणि त्या वादळाची ताकद काढायला वापरली. ज्यांनी ती नोंद केली त्यांना ती कशासाठी लागेल हे कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी फक्त आकडे सुशोभित न करता ठेवून दिले.

तुमच्या कॅमेऱ्यातल्या कच्च्या फ्रेम अशाच आहेत. चौकटीत ठरावीक तारे असतात, त्यांची प्रत माहीत असते, त्यावरून पार्श्वभूमीचा उजेड मोजता येतो. एकाच अंगणातून, एकाच समूहाकडे, दर वर्षी दसऱ्यानंतरच्या अमावास्येला तीन तास रोखलेली दुर्बीण रायगडचं आकाश किती वेगानं उजळतंय याची नोंद आपोआप ठेवत असते. दीर्घिका तर पुढच्या हजारो वर्षांत जागची हलल्यासारखी दिसणार नाही. बदलणार आहे ते मधलं आकाश.

तेव्हा विनंती एवढीच: रंगीत फोटो खुशाल करा, पण कच्च्या फ्रेम पुसू नका. डार्क आणि फ्लॅट फ्रेमही सोबत ठेवा, त्यांच्याशिवाय बाकीच्यांचा उपयोग अर्धाच. तारीख, वेळ, जागा, दुर्बीण, फिल्टर एका साध्या वहीत लिहा. हार्ड डिस्क भरली म्हणून काही काढून टाकायचंच असेल, तर सजवलेला फोटो टाका. तो पुन्हा करता येईल. 2025 च्या नोव्हेंबरमधलं पेणचं आकाश पुन्हा मिळणार नाही.